कातळावरचा सायकस

आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीचा पहिला तास घ्यायला शितप सर आले की आधी सगळ्या पोरांना वर्गाबाहेर काढत. शिक्षा म्हणून नाही, शिकवायला. कॅन्टीनच्या पाठीमागे सायकसचं एक जुनं झाड होतं. त्याच्याभोवती सगळ्यांना उन्हात उभं करायचं आणि विचारायचं, "हे काय आहे?" दरवर्षी कुणीतरी म्हणेच, "सर, बुटका माड." मग सर असे काही खूश होत की बघत राहावं. बरोबर उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर त्यांना जास्त आवडे, कारण बरोबर उत्तर आलं की पुढे बोलायला काही उरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"माड काय? बरं. मग नारळ कधी लागायचा याला?" ते विचारत. पोरं एकमेकांकडे बघत. "नाही लागायचा. याला फूल नाही, फळ नाही. याला शंकू येतो. जगात फुलं यायच्या आधीपासून ही जात इथे राहतेय. आपण सगळे याच्याकडे भाड्याने आहोत."

मी मराठी शिकवायचे. माझ्या वर्गाची खिडकी नेमकी त्या झाडावर उघडायची, त्यामुळे कविता समजावता समजावता मी फुकटात वनस्पतिशास्त्र शिकले. माझी पोरंही शिकली, कारण शितप सरांचा आवाज सुरू झाला की माझ्याकडे कुणाचं लक्ष नसे. आधी मला राग यायचा. मग मीच फळ्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहायला लागले.

"मिरकरवाड्याचं कोण आहे रे?" ते विचारत. बंदराकडच्या दोन-तीन पोरांचे हात वर होत. "तुम्ही सांगा. उघड्यावर पसरलेली मासळी लवकर सुकते की टोपलीच्या तळाशी राहिलेली?" "उघड्यावरची, सर." "का?" "वारा लागतो, सर." "शाबास. या झाडाला हे तुमच्याआधी कळलेलं आहे. पानाची श्वास घ्यायची भोकं असतात ना, ती याने वर वाऱ्यावर ठेवलीच नाहीत. पानाच्या खालच्या अंगाला, खड्ड्यात बसवली. वरून मेण चढवलं. आता ऊन बापडं काय याचं वाकडं करणार?" मग ते एक पान वाकवून प्रत्येकाला त्यावरून बोट फिरवायला लावत. "पाइन, देवदार, सगळी शंकूवाली मंडळी याच घरातली. पाइनने तर पानाची सुई करून टाकली. कुणी म्हणेल, हिमालयात एवढं बर्फ, तिथे पाण्याची काटकसर कशाला? अरे, बर्फ पिता येतं काय?"

सर लहान चणीचे, काटक. गाव संगमेश्वरच्याही आतलं, घरी भातशेती. रागावले की छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलत आणि खूश असले की गावचं बोलत. बाकीच्या जगाचं उलट असतं. "आपण अत्यंत बेजबाबदार वर्तन केलेले आहे," असं त्यांनी म्हटलं की पोरांना घाम फुटे, आणि "काय रे मेल्या, जेवलास काय?" असं म्हटलं की समजायचं, पोरगं पास.

निवृत्तीच्या आसपास त्यांनी एक नवीन बोलणं सुरू केलं. काहीही सोडलं की म्हणायचे, "एक पान कमी केलं." चहातली साखर सोडली, एक पान कमी. सहकारी पतपेढीच्या निवडणुकीतून अंग काढून घेतलं, एक पान कमी. मोबाइलवरचे सगळे ग्रुप सोडून दिले तेव्हा तर म्हणाले, "बाई, आज फांदीच छाटली." पाणी कमी असलं की झाड आधी पानं कमी करतं, माणूस मात्र म्हातारपणी नव्या पालव्या फोडायला बघतो, अशी त्यांची तक्रार होती. हे सांगताना ते तासभर बोलत, म्हणजे तेवढं पान काही त्यांनी कमी केलं नव्हतं.

एकदा सहल केळशीला गेली होती. किनाऱ्यावर सुरूचं बन. खाली वाळूत त्याची ती छोटी छोटी बोंडं पडलेली, अगदी शंकूसारखी. वर पानं सुईसारखी. एका हुशार मुलीने ओंजळ भरून ती बोंडं सरांकडे आणली, "सर, शंकू. हे पाइनच ना?" सरांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या जेवणात खडा आला. "हा सुरू आहे. याला फुलं येतात. याचा आणि पाइनचा काडीचा संबंध नाही." मुलगी हिरमुसली. सर चार पावलं पुढे गेले, परत आले आणि तिच्या शेजारी वाळूत बसले. म्हणाले, "तुझी चूक नाय गो. खारा वारा, वाळू, पाणी हाताशी राहत नाय. दोघांना अडचण एकच, म्हणून दोघांनी कपडे सारखे शिवले. शिंपी एकच, घराणी वेगळी." ती मुलगी आता कृषी विद्यापीठात आहे. अजून भेटली की 'शिंपी' म्हणून हसते.

सर राहायचे शहराच्या कडेला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. आमची कॉलनी तिथलीच, त्यांच्या घरापासून आमचं घर दोन घरं सोडून. कातळ म्हणजे कातळ. पावसाचे चार महिने सगळीकडे पाण्याचे पाट, आणि उरलेले आठ महिने पाय ठेवला तर भाजेल अशी जमीन. बाकीच्यांनी सुरुंग लावून खड्डे केले, माती आणून ओतली आणि हापूसची कलमं लावली. सरांच्या अंगणात मात्र शितपकाकूंच्या कुंड्या सोडल्या तर काही नव्हतं. काकूंचा स्वभाव सरांच्या अगदी उलटा. दिसेल त्याला धुवायचं, दिसेल त्याला पाणी घालायचं. मनीप्लांटला पाणी, तुळशीला पाणी, भिंतीत उगवलेल्या पिंपळालाही पाणी. सर म्हणत, "हिला वाळवंटात सोडलं तर चार दिवसांत तिथे भात लावील."

त्या दोघांची गंमत कळायला शंकूची गोष्ट सांगायला हवी. सरांनी हिमाचलातून पाइनचा एक मोठा शंकू आणला होता आणि पडवीत खिळ्याला टांगून ठेवला होता. हवा कोरडी असली की तो उघडतो, बी उडून जायला वाट करून देतो. दमट झाली की मिटून घेतो, कारण भिजलेलं बी लांब जात नाही. मे महिन्यात कॉलनीतल्या बायकांची आंबापोळी आणि फणसाचे पापड गच्चीवर वाळत असतात आणि अवकाळी पाऊस येईल म्हणून जीव टांगणीला असतो. त्यांना या शंकूचा शोध लागला. सकाळ झाली की सावंतबाई कुंपणावरून विचारायच्या, "सर, आज काय म्हणतोय शंकू?" सर पडवीत जाऊन बघून सांगत, "उघडा आहे, पसरा." हवामान खात्यावर कुणाचा विश्वास नव्हता, शंकूवर होता.

एके दिवशी सरांनी बघितलं तर शंकू मूठ आवळल्यासारखा गच्च मिटलेला. त्यांनी आरडाओरडा करून सगळ्यांना सांगितलं. अख्ख्या कॉलनीने धावतपळत पापड, पोळ्या, कोकमं गोळा केली, ताडपत्र्या काढल्या. आभाळात औषधालाही ढग नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली, लख्ख ऊन. शेवटी काकू पडवीत येऊन हळूच म्हणाल्या, "त्याच्यावर धूळ किती बसली होती. मी सकाळी साबणाच्या पाण्यात बुडवून काढला." सरांनी शंकू उन्हात नेऊन ठेवला आणि विषय संपवला. सावंतबाई मात्र आठवडाभर बोलत होत्या.

सर निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात कॉलेजात दुचाक्यांसाठी शेड बांधायचं ठरलं. जागा कॅन्टीनच्या मागची. सायकस मध्ये येत होता, तेव्हा तो काढून टाकायचा. कुणाची काही दुष्ट बुद्धी नव्हती, पोरांच्या गाड्या उन्हात तापत होत्या हे खरंच होतं. मी सरांना फोन केला. ते तासाभरात छत्री घेऊन हजर. प्राचार्यांना म्हणाले, "काढताय तर मला द्या."

आंब्याच्या पेट्या नेणारा एक टेम्पो बोलावला. जेसीबीवाल्याला सरांनी एवढ्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "सर, तुम्हीच चालवता काय?" झाड बाहेर निघालं, आणि सरांनी कोयता घेऊन त्याची सगळी पानं छाटली. एकूण एक. मी म्हटलं, "अहो, हे काय करताय?" म्हणाले, "मुळं तुटलीत. पाणी ओढायला कोणी नाही आणि उडवायला एवढी पानं. मग काय होईल? खोडात भरपूर साठवलंय याने. त्यावर जगू दे." उरलं एक काळं, खवल्याखवल्यांचं ओंडकं. टेम्पोत ते दोरीने बांधून सर त्याच्या शेजारी बसले. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसत होते, तेव्हा मला थांबवून म्हणाले, "बाई, नोकरीभर मी पोरांना सांगत आलो की हे झाड कोरड्यात जगतं. आता हे माझ्याच दारात मेलं तर मी नोकरीभर थापा मारल्या असं होईल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ते जाऊ दे. मला याच्याशिवाय करमायचं नाही." सर असं बोलणारे नव्हते, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

अंगणात जांभ्याच्या खडीचा उंचवटा करून सरांनी ते ओंडकं रोवलं. सगळ्यांना बजावलं, "याला कुणी पाणी घालायचं नाही. मी सांगीन तेव्हा, सांगीन तेवढंच." एप्रिल होता. कातळावरून वाफा निघत होत्या आणि त्यात ते बोडकं खोड उभं. येणारा जाणारा थांबे, बघे आणि चुकचुके. सर खुर्ची टाकून पडवीत बसायचे आणि प्रत्येकाला तेच समजावायचे. लोक मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारा झाड मारणार.

आता इथे आमच्या कॉलनीचा स्वभाव आडवा आला. दारात कुणी तहानलेलं उभं असलं तर आमच्याकडे कुणाला घास गिळत नाही. सर दुपारी झोपले की काकू पदराखाली तांब्या लपवून बाहेर यायच्या आणि ओतून जायच्या. त्यांना वाटायचं, आपल्यालाच दया आली. सावंतबाई पहाटे फुलं काढायला यायच्या, त्याही ओतायच्या. पलीकडच्या घरातल्या मुल्लाचाची संध्याकाळच्या नमाजाआधी वजूला हातपाय धुऊन उरलेली बादली रिकामी करायच्या, कारण तहानलेल्या जिवाला पाणी देण्यात सवाब आहे, पुण्य आहे. दूधवाला बाळा दुधाचा कॅन विसळलेलं पाणी घालायचा, वर म्हणायचा, "ताकद येते." प्रत्येकजण चोरून आणि प्रत्येकजण एकटा. झाडाला आयुष्यात कधी मिळालं नसेल एवढं पाणी त्या महिन्यात मिळालं.

मे संपता संपता सरांनी खोडाला हात लावला आणि बुंध्याशी बोट आत गेलं. आंबूस वास आला. त्यांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा काकू, सावंतबाई आणि चाची, तिघीही तिथे होत्या. सर त्यांचं ते छापील मराठी बोलायला लागले. "या खोडास पाणी कोणी घातले?" काकू म्हणाल्या, "मी घातलं. जरासंच." तशी सावंतबाई म्हणाल्या, "म्हणजे? मी पण घालत होत्ये." चाची म्हणाल्या, "या अल्ला, मी तर बादली." दूधवाल्याचा हातभार नंतर कळला. मला हसू आवरेना. पण सरांचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं. ते फक्त काकूंकडे वळले आणि म्हणाले, "तुझ्या मायेनं मारलंन याला."

बाकीच्यांना काही बोलले नाहीत. बाकीच्या परक्या होत्या. काकू आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी ओंडक्याकडे बघणं सोडलं, आणि कुंड्यांना पाणी घालणंही सोडलं. मनीप्लांट पिवळा पडला तेव्हा सर स्वतः बादली घेऊन बाहेर आले. कोणती कुंडी कुठे आहे हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

खोड त्यांनी उपटलं. कुजलेला भाग कोयत्याने तासत तासत गेले, पांढरं स्वच्छ लागेपर्यंत. कंबरेएवढं होतं ते गुडघ्याएवढं झालं. कूज थांबवायला कलमांना लावतात ती बोर्डो पेस्ट फासली आणि पडवीत गोणपाटावर आडवं ठेवलं. अख्खा पावसाळा ते तिथे पडून होतं. गणपतीला मुंबईहून पाहुणे आले, त्यांना त्याला ओलांडूनच आत जावं लागे. एका पाहुण्याने विचारलं, "सर, हे होमासाठी काय?" सर म्हणाले, "नाही, हे आजारी आहे." काकू प्रसादाची ताटं घेऊन जाताना त्याला वळसा घालायच्या, पण नजर वर.

मला दोघांचीही काळजी वाटायची. एकदा काकूंना म्हटलं, "रागावलात का हो अजून?" म्हणाल्या, "राग कसला? खरंच बोलले ते. मला कळत नाय तर मी हात लावू नये." आणि सरांना म्हटलं, तर ते म्हणाले, "बाई, हे जगलं की सगळं आपोआप होईल." मला हे पटलं नाही. पण नवराबायकोच्या मध्ये किती बोलायचं?

पाऊस ओसरल्यावर सरांनी ते परत खडीत रोवलं. दिवाळी गेली, थंडी गेली. काही नाही. येणारेजाणारे आता चुकचुकतही नव्हते, त्यांच्या लेखी तो अंगणातला दगड होता. सर रोज सकाळी त्याच्या टोकावर तळहात ठेवून उभे राहायचे. बोलणं मात्र कमी झालं होतं.

त्याच वर्षी शिमग्यानंतर मी चिपळूणला राहायला गेले, त्यामुळे सरांना डोळ्यांसमोर आणायचं तर मला ती शिमग्याची दुपारच आठवते. सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवशी ग्रामदेवतेची पालखी कॉलनीत घरोघरी यायची होती, काकूंना घर सोडता येत नव्हतं, म्हणून इस्पितळातून सरांना आणायला मी गाडी घेऊन गेले. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता आणि बजावलं होतं, खाली वाकायचं नाही.

आम्ही फाटकात उतरलो तर अंगण सारवल्यासारखं स्वच्छ झाडलेलं, अर्धी रांगोळी काढलेली आणि काकू त्या खोडाशी उकिडव्या बसलेल्या. झाडायला म्हणून कितीतरी महिन्यांनी त्या तिथे गेल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "अहो, जरा इकडे या."

सर माझ्या हाताला धरून गेले. उभे राहिले. गुडघ्याएवढ्या खोडाच्या टोकावर काय आहे ते त्यांना चष्म्यातून काही दिसेना, आणि वाकायची बंदी. "काय आहे?" ते म्हणाले. "सांग मला."

"कोंब आहेत."

"एक की पुष्कळ?"

"पुष्कळ. सगळे एकदम आलेत. गोल."

"लव आहे काय त्यांच्यावर?"

काकूंनी बोट लावून बघितलं. "आहे. मऊ आहे. भुरी."

"आणि पानं? उलगडलेली की वळलेली?"

"वळलेली," काकू म्हणाल्या. "बाळाच्या मुठी असतात ना, तशी. एका दांड्याला कितीतरी मुठी."

सरांच्या चष्म्यामागचं काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, "मेल्या, जेवलास काय." ते कुणाला म्हणाले ते आम्हा दोघींनाही कळलं. नंतर काकूंना म्हणाले, "पाणी घाल त्याला."

काकू उठल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "नको. परत कुजेल. तुम्ही घाला."

"मला वाकायचं नाय. आणि आता नाय कुजायचं, आता पानं काढतोय तो, आता त्याला लागणार." मग जरा थांबून म्हणाले, "मी तेव्हा फार बोललो गो तुला. तसं बोलायला नको होतं."

"बोललात खरे," काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन तांब्या भरून घेऊन आल्या. सरांनी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. काकूंनी हळूहळू, बुंध्याभोवती फिरवून पाणी सोडलं. कातळाच्या खडीत ते लगेच दिसेनासं झालं.

"पुरे," सर म्हणाले.

काकूंनी तांब्या उपडा करून उरलेलंही ओतलं.